मिटल्या ओठांचा धवला

पूर्णा, २ फेब्रुवारी २०२५

मृणाली,

मंगळवारी दुपारी तुमच्या संस्थेची पांढरी गाडी आमच्या दारात उभी राहिली आणि त्यातून उतरलेल्या दोन पोरांनी माझ्या आईच्या डोक्यावरची टोपी काढून नेली, तिथं माझं सगळं बदललं. तोवर मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात मी कॉलेजला लाथ मारली, तू पुढं गेलीस, पीएचडीला लागलीस, माझे मेसेज वाचून गप्प बसायला लागलीस. त्या सगळ्याचं दुःख होतं. राग वेगळी चीज आहे. तो मंगळवारपासून आहे.

फोनच करणार होतो. पण तूच म्हणाली होतीस, "भाविक, फोनवर तू ओरडतोस. जे काय असेल ते लिहून पाठव, लिहिताना तरी माणूस श्वास घेतो." घे, लिहितोय. श्वास घेत नाहीये.

दसऱ्याला आईला लकव्याचा अटॅक आला, डावा हात गेला, मूठ आवळली ती सुटेचना. तेव्हा कोण आलं होतं घरी? तू. तारांची टोपी आणि मोटरवाला हातमोजा घेऊन तू आलीस. आईसमोर मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "काकी, तोंड मिटून ठेवायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. फक्त मनात हात उघडायचा. मेंदूतली ती इच्छा टोपी पकडेल आणि मोजा तुमची बोटं उघडेल." आई मला म्हणाली, "ही पोर देवऋषीन हाय का इंजिनेर?" मी म्हटलं, "दोन्ही." तुला आठवत असेल, तू हसली होतीस. मला ते हसणं आठवतं. बाकीचं सोड.

आणि मोजा उघडला! तुमच्या सगळ्या पेशंटांत आई पहिली आली. तुझे विपुलसर स्वतः आमच्या ओट्यावर येऊन चहा पिऊन गेले, आईचा हात हातात धरून फोटो काढला. मग आता काय झालं? "ट्रायलची मुदत संपली." दूधवाला पण बंद करताना आदल्या दिवशी सांगतो.

मे महिन्यात वैशालीचं लग्न आहे. माझी आई धवलारीण आहे, तुला माहीत आहे. आमच्याकडं भटजीआधी धवलारीण लागते, तिनं धवल्याची गाणी म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. आजवर तिनं साऱ्या गावाच्या पोरींना हळद लावली. स्वतःच्या पोरीची हळद ती दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकणार? डाव्या हातात सुपली धरायची आणि उजव्यानं पिठाचा चौक घालायचा, एवढंच तिला हवंय.

टोपी जायच्या दोन दिवस आधी तिनं बायांना जमवून तालीम केली होती. टोपी, मोजा, हातात सुपली, सगळा थाट. आणि तिनं गळा मोकळा सोडून धवला सुरू केला तर मोजा लागला की नाचायला! उघड, मीट, उघड, मीट. सुपलीतलं पीठ सगळं बायजाबाईच्या पदरात. बायजाबाई म्हणते, "अगो कमळ, तुजा हात काय टाल्या पिटतो? नवरी राहिली बाजूला, मीच पांढरी झाले!" आई इतकी हसली की डोळ्यातून पाणी. अटॅकनंतर पहिल्यांदा हसली. मी तेव्हाच म्हटलं, हे मृणालीला सांगायचं, आईचं मन इतकं हातात उतरलंय की गाणंसुद्धा बोटांत येतंय.

सांगायच्या आधी तुमची गाडी आली.

टोपी परत पाठव. तुझ्याकडून मी आजवर दुसरं काही मागितलं नाही. म्हणजे मागितलं होतं, ते तू दिलं नाहीस. हे दे.

भाविक


११ फेब्रुवारी २०२५

भाविक,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

टोपी न्यायला मी स्वतः यायला हवं होतं. आले नाही, ते चुकलं. पण ट्रायलला मुदत असते, उपकरण संस्थेचं असतं, आणि हे काकींना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तू तेव्हा गोडाऊनला शिफ्टवर होतास.

तुला वाटतं मी इथं राज्य करते. इथं इंजिनिअर मला म्हणतात, ही डॉक्टरांच्या नादी लागली, हिचं गणित कच्चं. आणि डॉक्टर म्हणतात, वायरवाल्या मॅडमना बोलवा, मशीन बंद पडलंय. गेली तीन वर्षं मी दोन्हीकडची पुस्तकं वाचते आणि दोन्हीकडच्या चहात मी पाहुणी. खारबावला घरी गेले की आई विचारते, "बाय, तू नक्की होणार काय?" मला एका वाक्यात सांगता येत नाही. एकटे विपुलसर आहेत ज्यांनी मला जागा दिली. परदेशात पुढच्या कामासाठी त्यांचीच शिफारस लागणार आहे.

हे सगळं तू विचारलं नव्हतंस. मी एक विचारते, त्याचं नीट उत्तर दे, चिडू नकोस. तालमीच्या दिवशी मोजा नाचला तेव्हा काकी मोठ्यानं गात होत्या ना? म्हणजे जबडा हलत होता? आणि एरवी तोंड मिटून बसायच्या तेव्हा त्या मनात नक्की काय करायच्या, कधी विचारलंस का? टोपी घालून त्यांनी कधी काही चावलं असेल, तर तेव्हा मोजा हलला होता का?

फिजिओथेरपी चालू ठेव. हे महत्त्वाचं आहे. अटॅकनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत हात जे शिकतो ते पुढं शिकत नाही.

काकींना नमस्कार.

मृणाली


पूर्णा, १६ फेब्रुवारी २०२५

मृणाली,

व्वा! मी विचारतो, माझ्या आईची टोपी का नेली. तू विचारतेस, आईनं काय चावलं. उद्या विचार, सुपारी कुठल्या दुकानातली होती.

तरी देतो उत्तर, कारण तू विचारलंस आणि तुला नाही म्हणायला मला अजून जमत नाही. हो, मोठ्यानं गात होती. हो, एकदा टोपी घालून सुपारी चघळत बसली होती तेव्हा मोजा टकाटक उडाला होता, आम्हाला वाटलं बॅटरी उतरली. आणि मनात काय करायची? मी विचारलं. म्हणाली, "ती पोर बोलली व्हती मनात हात उघड. आता मनात हात कसा उघडायचा? मी मनात धवला बोलायची. व्हट मिटलेले, दातावर दात, आनि आत धवला. हात आपोआप उघडायचा." मग? तुमच्या पुस्तकात धवल्याला बंदी आहे का?

फिजिओवाली मॅडम येते, रबरी चेंडू दाबायला सांगते. आई तिला म्हणते, "माजी टोपी येनार हाय, चेंडू तुज्या पोराला दे." मी अडवत नाही. माणसाला आशेवर तरी राहू दे.

आणि परदेशाची बातमी तू मला अशी, मध्येच, तोंडी लावायला सांगितलीस? लोणचं वाढतात तशी? काल्हेरच्या गोडाऊनमध्ये मी दिवसभर पार्सलं स्कॅन करतो. कुठल्या तरी गावाचं नाव येतं, बीप होतं, पार्सल पुढं सरकतं. तुझं पण तसंच झालं म्हणायचं.

विपुलसरांनी तुला जागा दिली. मी पण दिली होती. पण माझ्या जागेला एसी नव्हता.

उत्तर दे.

भाविक


२४ मार्च २०२५

भाविक,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

विपुलसरांचा निरोप आहे. १७ एप्रिलला संस्थेत पैसा देणाऱ्या मंडळाचे पाहुणे येणार आहेत. कमळकाकींनी त्यांच्यासमोर मोजा चालवून दाखवावा अशी सरांची इच्छा आहे. दाखवला तर टोपी आणि मोजा काकींकडं कायमचा राहील, असं ते म्हणाले. गाडी पाठवतील.

मी फक्त निरोप कळवते आहे.

मृणाली


पूर्णा, २८ मार्च २०२५

मृणाली,

फक्त निरोप कळवते म्हणे! अगं, घरात दिवाळी आहे इथं. आईनं हिरवं लुगडं काढून ठेवलंय. बायजाबाईला सांगून आली, "आता पदर लांब ठेव, माजी सुपली येतेय." वैशालीनं नवऱ्याकडं निरोप धाडला की धवलारीण ठरली, दुसरी बघू नका. फिजिओवालीला आईनं परवापासून येऊच नको म्हणून सांगितलं. म्हणते, दोन दोन मास्तर कशाला.

मी तुला वाईट बोललो, ते सोडून दे. मला वाटलं होतं तू विसरलीस. आता कळलं, तू महिनाभर गप्प होतीस ती आईसाठी सरांच्या मागं लागली होतीस. तू अशीच. प्रॅक्टिकलला माझं सर्किट जोडून द्यायचीस आणि वर म्हणायचीस, मी कुठं हात लावला.

१७ तारखेला मी पण येतोय. निळा शर्ट घालीन. तू म्हणाली होतीस एकदा, बरा दिसतो.

तुझा (खोडत नाही, राहू दे),
भाविक


९ एप्रिल २०२५

भाविक,

हे पत्र मी दोन महिन्यांपूर्वी लिहायला हवं होतं.

काकींचा मोजा मेंदूनं चालत नव्हता. जबड्यानं चालत होता. दातावर दात दाबले की कानशिलातला स्नायू आवळतो. त्याची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि टोपीच्या तारा तिथूनच जातात. काकी ओठ मिटून धवला म्हणत होत्या, तालावर दात दाबत होत्या, आणि आमचा कॉम्प्युटर तो ताल शिकला. त्याला वाटलं हीच हात उघडायची इच्छा. आम्हालाही तेच वाटलं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मला संशय आला, दुसरं वाचल्यावर मी जुनी सगळी नोंद पुन्हा काढून पाहिली. खात्री आहे. मेंदूचा भाग त्यात जवळजवळ नाहीच.

म्हणजे काकींचा हात या सगळ्यात काही शिकला नाही. मोटरनं बोटं उघडली, एवढंच. मेंदूनं हाताला हाक मारली असती तर वाट पुन्हा तयार झाली असती. ती मारलीच गेली नाही. म्हणून फिजिओ बंद केल्याचं वाचलं आणि मला झोप लागली नाही. उद्याच्या उद्या त्या मॅडमना परत बोलाव. सहा महिने या आठवड्यात संपतात. त्यानंतरही थोडं होतं, पण थोडंच.

मी सरांना मार्चमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "एका पेशंटची गडबड आहे, नंतर साफ करू. पाहुणे आत्ता येतायत." मी म्हटलं, मग काकींना बोलावू नका. ते म्हणाले, "मृणाली, तुझी शिफारस मी याच आठवड्यात लिहितोय."

म्हणून एक विनंती. १७ तारखेला येऊ नका. काकींना ताप आहे असं आदल्या दिवशी कळव. सरांना दुसरा पेशंट दाखवावा लागेल, आणि कोणालाच खोटं बोलावं लागणार नाही.

मला माहीत आहे तू चिडशील. चीड, पण येऊ नकोस.

मृणाली


पूर्णा, १८ एप्रिल २०२५

मृणाली,

कोणालाच खोटं बोलावं लागणार नाही! मग तापाचं काय, ते खरं होतं? स्वतःच्या तोंडून निघेना म्हणून खोटं माझ्या तोंडात घालायला निघालीस, आणि माझ्या आईच्या अंगात.

आधी घरचं सांगतो. फिजिओवाली मॅडम तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी परत आणली. हात जोडले तिला. तिनं आईची मूठ सोडवायचा प्रयत्न केला, म्हणाली, "फेब्रुवारीत बरी होती हो, आता आणखी घट्ट झालीये." हे वाच पुन्हा. फेब्रुवारीत बरी होती. फेब्रुवारीत तुला संशय आला होता. मला एक ओळ लिहिली असतीस, 'भाविक, टोपीच्या नादी लागू नका, चेंडू दाबा', तर मी आईच्या हातापाया पडून चेंडू दाबून घेतला असता. तू मला विचारलंस, सुपारी चावली का! आणि वर मायेनं लिहिलंस, फिजिओ चालू ठेव. का ठेवू, ते नाही सांगितलंस. तुझी शिफारस गप्प बसून पिकत होती, आणि इकडं आईचा हात वाळत होता.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे त्यो माज्या धवल्यावर चालत व्हता?" म्हटलं, हो. "मंग वाईट काय हाय त्याच्यात? सुपली धरली ना त्यानं?" मी तिला समजावलं, हात शिकला नाही. तेव्हा मात्र तिनं डाव्या मुठीकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "गाडी येनार हाय ना सतराला? जाऊ. जे हाय ते सांगू. ताप आलाय सांगायला मी काय शालेतली पोरगी हाय?"

म्हणून आम्ही आलो. काल तू काचेपलीकडं कॉम्प्युटरवर होतीस, आमच्या खोलीतलं सगळं तुला ऐकू आलं नसेल. ऐक.

आईला खुर्चीत बसवलं, टोपी चढवली, मोजा घातला. पाहुणे सहा-सात, पुढं एक पांढऱ्या केसांची बाई. विपुलसर म्हणाले, "केवळ विचार. ओठ हलणार नाहीत, अंग हलणार नाही. आजी, करा सुरू." आई म्हणाली, "आजी कोनाला बोलतो? माज्या पोरीचं लगीन व्हायचंय अजून." पाहुणे हसले. मग आईनं ओठ मिटले आणि मोजा उघडला. टाळ्या पडल्या. मी तिच्या कानशिलाकडं बघत होतो. हलत होतं. इतकं साफ हलत होतं की मला माझीच लाज वाटली, इतके दिवस मी मोजा बघत बसलो.

मी म्हटलं, "आई, आ कर."

तिनं आ केला. मोजा गप्प. सर म्हणाले, "हे कोण?" मी म्हटलं, "मुलगा. आई, तोंड उघडंच ठेव आणि मनात हात उघड." काही नाही. "आता गा." आणि आईनं जो गळा लावलाय! तुझ्या काचेपर्यंत आला असेल. मोजा नाचायला लागला, पुढच्या रांगेतले दोघं मोबाईल काढून शूटिंग करायला लागले. सर हसत हसत म्हणाले, "हा बाहेरचा गोंगाट आहे, आम्ही तो नंतर गाळून टाकतो."

गोंगाट! ज्या धवल्याशिवाय आमच्यात पोरगी उंबरा ओलांडत नाही, तो ह्यांना गाळून टाकायचा गोंगाट!

आईनं मात्र भांडण केलं नाही. शांतपणे म्हणाली, "सायेब, डोक्यानं न्हाय चालत तर न्हाय. जबड्यानं चालतो ना? तसाच द्या. मना एक दिस सुपली धरायची हाय. खोटं मी कोनाला बोलनार न्हाय, तुमी पन बोलू नका." यात काय जास्त मागितलं तिनं, सांग? तू निम्मी इंजिनिअर आहेस ना? इंजिनिअरनं सांगावं: माणसाला वस्तू धरता येत नव्हती, आता येते, कशानं का येईना, काम झालं. तू निम्मी मेंदूवाली आहेस ना? त्या निम्मीनं सांगावं: हा मेंदू नाही, हे छापू नका. दोन्हींतून एक तरी बोलायचं होतं. सरांनी उत्तर काय दिलं माहितीये? "त्यासाठी एक साधं बटण पुरे, ताई. ते आमचं काम नाही." म्हणजे आईचा जबडा मेंदू म्हणून खपत होता तोवर फोटो, चहा, गाडी. जबडा म्हणून आला तर बटण.

मग त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "हा मुलगा म्हणतोय ते खरं आहे का? मशीन कोण चालवतंय, त्यांना विचारा." सरांनी काचेकडं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मी पण.

स्पीकरमधून तुझा आवाज आला. "तपासावं लागेल, सर."

तपासावं लागेल. ज्याची तुला खात्री आहे ते. ज्यानं तुझी झोप गेली ते.

मला एवढंच म्हणायचं होतं, 'हिनंच मला सांगितलंय.' तीन शब्द. तुझे सर, तुझी शिफारस, तुझं परदेश, सगळं त्या खोलीत आडवं झालं असतं. ते शब्द दाताखाली आले होते. बाई माझ्याकडं बघत होत्या, सर बघत होते, तू काचेतून बघत होतीस. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. कॉलेजात तोंडी परीक्षेच्या आधी पडायचा, तसा. मी गिळले शब्द. तुझ्या भल्यासाठी गिळले असं समजू नकोस. तुझं खरं तुझ्या ऐवजी दरवेळी दुसऱ्यानंच का बोलायचं, म्हणून गिळले. आणि थोडे तुझ्यासाठी. ते मला कबूल करायचं नव्हतं, पण लिहिताना श्वास घेतला, तर निघालं.

आईच्या डोक्यावरची टोपी मी स्वतः काढली. एकेक तार सोडवली, केस ओढले जाऊ नयेत म्हणून हळू. मोजा काढून टेबलावर ठेवला. तिची मूठ परत मिटली. सर म्हणत होते, "बसा हो, जेवून जा, गाडी सोडेल." आई म्हणाली, "आमच्याकडं लग्नघर हाय, लय कामं पडलीत." मी तिला दंडाला धरून उठवलं. पाहुण्यांतल्या कुणी तरी वाट सोडली.

दारापाशी मी एकदा वळलो. तू काचेजवळ उभी होतीस. हात काचेवर होता का माईकच्या बटणावर, ते मला दिसलं नाही. मी थांबलो होतो, मृणाली. आई पुढं निघून गेली तरी मी थांबलो होतो. स्पीकर गप्प होता.

मग मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.